आला आणि आलता

मांजरसुंब्याच्या रस्त्याला चार मजल्यांची एक व्यापारी इमारत उभी राहत होती. तिचे मालक मला म्हणाले, "वायर ती वायर. भिंतीत गेल्यावर कुणाला दिसतीय?"

हे वाक्य मी वर्षातून दहा वेळा तरी ऐकतो आणि दहाही वेळा माझं डोकं फिरतं. इमारतींत नेटच्या वायरी टाकणं हा माझा धंदा. दवाखाने, पतसंस्था, क्लासेस, दुकानं, जिथं म्हणाल तिथं. लोक मला नेटवाला म्हणतात आणि त्यांचं इंटरनेट बंद पडलं की मलाच फोन करून झापतात. मी फक्त वायर टाकतो, तिच्यातून काय वाहतं ते माझ्या हातात नाही, हे समजावून सांगणं मी केव्हाच सोडून दिलं आहे.

या मालकांनी फरशी निवडायला चार गावं पालथी घातली होती. लिफ्टचे तीन नमुने बघितले होते. दर्शनी काचेचा रंग निळा की काळा यावर घरात दोन दिवस अबोला होता, असं ते स्वतःच हसत सांगत होते. आणि वायरीला त्यांच्याकडे पाच मिनिटं नव्हती. फरशी तडकली तर वरून दिसते आणि बदलता येते, वायर भिंतीत मेली तर भिंत फोडावी लागते, असं मी म्हणालो. त्यांनी मान हलवली, पण लक्ष फोनमध्ये होतं.

मग मी नेहमी करतो ते केलं. पिशवीतून ब्लेड काढलं आणि वायरचे दोन तुकडे काढले. दोन्ही वरून सारखेच, निळ्या रंगाचे, दोन्हींवर तेच छापलेलं. एकाचं साल काढून आतली बारीक तार ब्लेडनं खरडली. कितीही खरडली तरी लाल. तांबं. दुसरी खरडली. वरचा लाल मुलामा गेला आणि आतून पांढरं निघालं. ॲल्युमिनियम.

"हे पांढरं चालतं," मी म्हणालो. "दिवा लागतो, नेट चालतं, तुम्ही मला पैसे देता, मी घरी जातो. पण लांबचा पल्ला असला आणि त्याच वायरीतून कॅमेऱ्याला, दाराच्या मशीनला वीज पण न्यायची असली, की ही दगा देते. तोही आपण बोलावल्यावरच. एरवी गुमान पडलेली असते."

मालकांनी पांढरा तुकडा हातात घेऊन उलटासुलटा केला. "हा कुठला?" त्यांनी विचारलं.

"असाच एका कामावरचा," मी म्हणालो आणि तुकडा त्यांच्या हातातून काढून घेतला. जरा जास्तच झटकन घेतला असावा, कारण ते माझ्याकडे बघत राहिले. त्या तुकड्याच्या टोकाला पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे आणि तिच्यावर एक शब्द लिहिलेला आहे. तो शब्द त्यांनी वाचू नये असं मला वाटत होतं, आणि तरीही तोच तुकडा मी गेली दोन वर्षं पिशवीत घेऊन हिंडतो. घरी ठेवला तर चैन पडत नाही. फेकायचं म्हटलं तर हात उचलवत नाही.

माझा एक जोडीदार होता. मूळचा धारूरकडचा, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायचो आणि तो मला 'बे' म्हणायचा. मी चकलांब्याजवळचा, नुकताच आयटीआय करून बीडला आलेलो. तो आधीपासून वायरमन होता. पहिल्याच दिवशी मी शिडीवर थरथरतोय हे बघून खालून म्हणाला, "पडलास तर माझ्याकडं पडू नको बे, मला दोन लेकरं हायती." तेव्हापासून बारा वर्षं आम्ही एकत्र काम केलं. बीड जिल्ह्यातल्या कितीतरी छतांच्या वर आमच्या दोघांच्या वायरी आहेत.

वायरीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावायची असते, म्हणजे कोणती वायर कुठून कुठं गेली ते नंतर येणाऱ्याला कळतं. बहुतेक लोक नुसते आकडे टाकतात. दादा लिहायचा. 'मॅडमच्या टेबलाखाली', 'जिन्याजवळ, उंदरांपासून सांभाळा', 'ही ओढू नका'. शिडीवर उभं राहून, मान मागं टाकून लिहिल्यामुळं त्याचं अक्षर कायम डावीकडं झुकलेलं. आज मी एखाद्या जुन्या कामावर फॉल्स सीलिंगची पाटी सरकवून वर हात घालतो, टॉर्च लावतो, आणि ते झुकलेलं अक्षर समोर येतं. 'गरम पाइप आहे, हात जपून.' मी हात जपून काढतो आणि थोडा वेळ शिडीवरच बसून राहतो. खालून कुणीतरी विचारतं, सापडलं का? मी म्हणतो, सापडलं.

काम संपताना तपासणी असते. एक माणूस खाली, जिथं सगळ्या वायरी एका कपाटात येतात तिथं. दुसरा वर, खोलीत. दोघांच्या हातात एकेक छोटं यंत्र, कानाला फोन. वरच्या यंत्रावर आठ दिवे एकामागून एक लागले की वायर चांगली. मग वरचा म्हणतो, "आला." खालचा कागदावर टिक मारतो आणि पुढची वायर लावतो. दिवे लागलेच नाहीत तर वरचा म्हणतो, "न्हाई." एवढीच आमची भाषा. दिवसभर आला, आला, न्हाई, आला.

आणि एक तिसरा शब्द होता. आमच्याकडं 'आला होता' असं सुटं सुटं कुणी म्हणत नाही. आलता, गेलता, बसलता. दिवे लागले आणि विझले, वायर धरली की लागते आणि सोडली की जाते, अशी लाईन असली की दादा म्हणायचा, "आलता." म्हणजे आला होता, आता नाही. म्हणजे बघावी लागेल. पुण्याकडचा माणूस खाली असता तर त्याला फोनवर आला आणि आलता यांतला फरक कदाचित कळला नसता. मी पुण्याचा नाही. माझी आईही असंच बोलते.

बीडमध्ये एका डॉक्टरांच्या नव्या दवाखान्याचं काम आमच्याकडं होतं. तीन मजले. प्रत्येक खाटेजवळ एक बटण होतं. पेशंटनं ते दाबलं की दारावर लाल दिवा लागायचा आणि सिस्टरच्या टेबलावर घंटी वाजायची. ते सगळं आमच्या वायरीवर चालणार होतं, विजेसकट. वायर आम्हीच निवडली होती, अस्सल तांब्याची. डॉक्टर काही बोलले नव्हते. तुम्हाला कळतं ते करा, म्हणाले होते.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्याच्या शेवटच्या तीन खोल्या राहिल्या आणि आमची वायर संपली. कपाट खाली या टोकाला, खोल्या वर त्या टोकाला, मधला पल्ला फार लांबचा. मी गावातून एक खोकं आणलं. खोक्यावर तांबंच लिहिलेलं होतं. दादानं सवयीप्रमाणं ब्लेड फिरवलं आणि तार माझ्या नाकासमोर धरली.

"पांढरं हाय बे हे."

"माहीत आहे. तीनच लाईनी आहेत. नंतर बदलू."

त्यानं ब्लेड मिटून खिशात टाकलं. मग वायर खांद्यावर टाकून वर गेला. हिशेबाचा, कामाच्या वेळेचा निर्णय मी घ्यायचो, हातानं करायचं ते तो. असं आमचं ठरलेलं होतं आणि त्यानं ते कधी मोडलं नाही.

दुपारी तपासणीला बसलो तेव्हा बाहेर मांडव पडला होता. जनरेटर घरघरत होता, कुंड्यांची रांग लागत होती, फित कापणारे पाहुणे निघाल्याचा फोन आला होता. डॉक्टर दर दोन मिनिटांनी येऊन विचारत होते, "झालं ना?" मी कपाटासमोर उकिडवा बसून वायरी लावत होतो. आला. आला. पांढऱ्यातली पहिली, आला. दुसरी, आला. तिसरी लावली. शेवटची खोली.

फोनवर दादाचा आवाज आला, "आलता."

मी टिक मारली.

नंतर मी स्वतःला पुष्कळदा समजावलं की जनरेटरचा आवाज होता, मांडववाले ओरडत होते, मला आलाच ऐकू आलं. हे खोटं आहे. मला ऐकू आलं ते आलताच होतं. पेन कागदावर टेकवताना मला ते नीट कळलेलं होतं. ती लाईन धरून बसलो असतो तर दीड तास गेला असता, आणि डॉक्टर पाचव्यांदा 'झालं ना' विचारायला येत होते. दादा खाली आला, घाम पुसत त्यानं कागदावर बोट फिरवलं आणि शेवटच्या टिकेवर थांबला.

"ही झाली का बे?"

"झाली," मी म्हणालो.

त्याला वाटलं, दोष खालच्या टोकाला असेल आणि मी तो काढला असेल. त्यानं पुन्हा विचारलं नाही. मांडवात जाऊन आम्ही दोघांनी बुंदीचे लाडू खाल्ले.

तिन्ही वायरी मी नंतर बदलल्या नाहीत. 'नंतर' हा शब्द मी तेव्हा फार सढळ हातानं वापरायचो. तक्रारही आली नाही. यायचं कारणच नव्हतं, कारण आमच्याकडं घंटी कुणी दाबत नाही. पेशंटला काही लागलं तर बरोबरचा माणूस दारात जातो आणि "ओ सिस्टर!" म्हणून मजला दणाणून सोडतो. बटणाला लोक हातरुमाल अडकवतात. शेवटच्या खोलीतलं बटण असंच हातरुमाल सांभाळत सात-आठ महिने भिंतीला राहिलं.

मग एका सकाळी दादाच्या छातीत दुखायला लागलं. वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याला त्याच दवाखान्यात नेलं. ओळखीचे डॉक्टर, आपणच काम केलेलं, दुसरीकडं कुठं नेणार? दोन दिवस आयसीयूत ठेवलं. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून वरच्या खोलीत हलवलं. मी सकाळी भेटायला गेलो. खालच्या खिडकीवर खोली विचारली तेव्हा बाईंनी सांगितलं, तिसरा मजला, शेवटची.

दादा उशीला टेकून बसला होता, दाढी वाढलेली, पण हसत होता. मला बघून भिंतीवरच्या बटणाकडं बोट केलं.

"आपल्याच लाईनीवर आलो बे. घरच्यासारखं वाटायलंय."

वहिनी म्हणाल्या, "सकाळपासून हेच चाललंय यांचं. सिस्टरला मनले, आवाज द्यायची गरज न्हाई, आमचं बटण हाय."

मी हसलो. त्याच वेळी बोलायला हवं होतं. दादा, ती लाईन बघितली नव्हती रे, काही लागलं तर ओरड, एवढी दोन वाक्यं. वहिनींसमोर सांगायची लाज वाटली. पिशवी गाडीत नव्हती, घरी होती. दुपारी येतो आणि गुपचूप नीट करून टाकतो, असं मी मनाशी ठरवलं. जाताना सिस्टरला तेवढं म्हणालो की या खोलीकडं अधूनमधून बघत चला. सगळेच नातेवाईक तसं म्हणतात. तिनं बरं म्हटलं.

दुपारी तीनला मी पिशवी घेऊन पोचलो. खोलीच्या दारात लोक उभे होते. वहिनी भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या, त्यांच्या मांडीवर औषधाची कागदी पिशवी होती, अजून न उघडलेली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, झटका मोठा होता, आम्ही समोर असतो तरी सांगता आलं नसतं. ते खरं असेलही. ते खरं असावं म्हणून मी किती वेळा हात जोडले असतील. पण खरं आहे की नाही हे या जगात कुणालाच कळणार नाही, आणि ते मी कळण्यासारखं ठेवलं नाही.

आठवड्यानं दवाखान्यातून फोन आला, जिन्याचा कॅमेरा बंद आहे. मी गेलो, कपाट उघडलं. तिथल्या यंत्रात प्रत्येक वायरीची नोंद राहते, कोणती लाईन केव्हा गेली, केव्हा आली. कॅमेऱ्याची नोंद बघता बघता माझी नजर शेवटच्या खोलीच्या लाईनीवर गेली. त्या दिवशी दुपारी दोन वाजून अकरा मिनिटांनी गेली. आली. गेली. आली. दोन वाजून तेरा मिनिटांनी गेली. आली. नऊ वेळा.

बटण दाबलं की दिव्याला आणि घंटीला जास्त वीज लागते. पांढऱ्या तारेला तो भार झेपत नाही. यंत्र झोपतं आणि पुन्हा जागं होतं, घंटी वाजतच नाही. नऊ वेळा गेली म्हणजे नऊ वेळा दाबलं. दोन वाजून सतरा मिनिटांनी ती लाईन शेवटची आली आणि त्यानंतर येऊनच राहिली.

यंत्राचं घड्याळ चुकीचं असेल, अशी एक आशा मला वाटली. मी माझ्या मोबाइलशी ताडून बघितलं. मिनिटाचाही फरक नव्हता. ते घड्याळ उद्घाटनाच्या दिवशी मीच लावलं होतं. त्या वेळी वहिनी खाली औषधाच्या दुकानात रांगेत होत्या.

दुसरा कुणी त्या खाटेवर असता तर ओरडला असता. पलीकडच्या खोलीतून माणसं धावली असती. हा माणूस ओरडला नाही. बटण दाबत राहिला, कारण ते आमचं होतं आणि मी झाली म्हणालो होतो.

त्याच दिवशी मी ती वायर ओढून काढली आणि तांब्याची टाकली, बाकीच्या दोन्हीही. खोलीकडचं टोक भिंतीतून बाहेर आलं तेव्हा त्यावर पट्टी होती. डावीकडं झुकलेल्या अक्षरात एकच शब्द. तपासणीच्या वेळी, माझी टिक बघण्याआधी, त्यानं तो लिहिला असणार. नंतर कोणीतरी बघेल म्हणून. तेवढा हातभर तुकडा मी कापून खिशात घातला.

दादाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना संपली, पाहुणे पांगले, खुर्च्या उचलणं चाललं होतं. वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. चेहरा सुकलेला होता, पण आवाज शांत होता.

"भाऊजी, मला एकच वाटतं. मी खाली गेलते तवा त्यायला काही झालं आन त्यायनी कुणाला बोलवलं आन कुणी आलं न्हाई, असं तर झालं नसंल?" मी काही बोलायच्या आत त्यांनीच मान हलवली. "न्हाई. सिस्टरला मी इचारलं. बेल वाजलीच न्हाई. तुमी दोघांनी बसिवलेली बेल. मनजे त्यायनी दाबलीच न्हाई. झोपीतच गेले."

त्यांच्या हाताशी तेवढंच उरलं होतं. माझ्या वायरीवर त्यांनी आपली झोप टांगली होती. मी म्हणालो, "हो वहिनी, झोपेतच." आमच्या कामात ही दुसरी खोटी टिक.

तेव्हापासून मला नीट झोप नाही. कपाटातल्या कुठल्याही यंत्रावरचा हिरवा दिवा एकदा विझून लागला की मी मोजायला लागतो, नऊपर्यंत. मध्यंतरी एकदा कामावरून घरी आलो तर मुलगी अभ्यास करता करता म्हणाली, "बाबा, तुमच्याकडं एकजण आलता."

"कोण?" मी दारातच थांबलो.

"नाव नाही सांगितलं. थोडा वेळ उभा राहिला आन गेला."

दुसऱ्या दिवशी कळलं, वर्गणीवाला होता. पण त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. बायकोनं विचारलं, काय झालं? मी तिच्यावरच खेकसलो. तिलाही मी हे सांगितलेलं नाही.

सहा महिन्यांनी वहिनी माझ्याकडं आल्या. घरात बसून डोकं फिरायची वेळ आलीय, मला कामाला घ्या, म्हणाल्या. काम त्यांना परकं नव्हतं. दादा छोट्या वायरी घरी न्यायचा आणि त्या टीव्ही बघत बघत टोकं बसवायच्या. आठ रंगांच्या तारा ओळीनं लावून चिमटा मारायचा, हे त्या माझ्यापेक्षा वेगानं करतात. मी त्यांना घेतलं. लोकांनी माझी वाहवा केली. जोडीदाराच्या माघारी त्याच्या घरच्यांना सांभाळलं, असा माणूस मिळत नाही, असं चारचौघांत म्हणाले. अशा वेळी मी चप्पल घालायच्या निमित्तानं बाहेर जातो.

वहिनी ओढणी कमरेला गच्च बांधून शिडीवर चढतात. मिस्त्री लोक पहिल्या दिवशी हसतात, दुसऱ्या दिवशी हसत नाहीत. वरच्या टोकाला आता त्या असतात, दादाच्या जागी. फोनवर त्यांचं "आला" अगदी त्याच्याच चालीत येतं. घरी टोकं तपासताना दादाच्या तोंडून वर्षानुवर्षं तेच ऐकलेलं.

मांजरसुंब्याच्या कामावर, मालकांना पांढरं दाखवून झाल्यावर, वहिनींनी मला जेवता जेवता विचारलं होतं, "त्या पांढऱ्यानं नेमकं होतं काय?" मी त्यांना सांगितलं, जे मालकांना सांगितलं तेच. त्यांनी भाकरीचा तुकडा हातातच ठेवला.

"मनजे रिकामी असली की जिती. काम सांगितलं की मेली."

"तसंच."

"आन मग परत जिती हुती?"

"होते," मी म्हणालो आणि चटणी मागितली. त्यांनी चटणी दिली.

मालकांनी अखेर सगळीकडं तांबं घ्यायचं कबूल केलं. विजेच्या वायरींपासून अंतर राखून वेगळी पट्टी, प्रत्येक दुकानाला दोन लाईनी, एक जास्तीची. महिनाभरात काम उरकलं आणि तपासणीचा दिवस आला. उजळ सकाळ होती. मी खाली जिन्यामागच्या खोलीत कपाटासमोर बसलो, वहिनी चौथ्या मजल्यावर. चिकटपट्टी लागेल म्हणून माझी पिशवी त्या वर घेऊन गेल्या होत्या. एरवी तो तुकडा मी मागच्या कप्प्यात चेन लावून ठेवतो. मालकांच्या हातातून घाईनं काढून घेतला तेव्हा तो वरच्या कप्प्यातच टाकला होता आणि तिथंच राहिला होता. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

आला. टिक. आला. टिक. एका दुकानाची "न्हाई", तिचं टोक पुन्हा बसवलं, आला. सातवी, आठवी. मी नववी लावली. फोनवर उत्तर आलं नाही. मी थांबलो. नुसता श्वास ऐकू येत होता.

मग वहिनी म्हणाल्या, "आलता."

मी म्हणालो, "धरून बघा. परत लावतो. कोणती लाईन, नऊ नंबरची ना?"

"लाईन न्हाई," त्या म्हणाल्या. "वायरचा तुकडा हाय. तुमच्या पिशवीत. पट्टीवर त्यायचं अक्षर हाय. आलता लिवलंय."

मी पेनाला टोपण लावलं.

"ही कुठली वायर हाय, भाऊजी?"

खोटं तयार होतं. दोन वर्षांत मी ते पुष्कळ वेळा घोळवून ठेवलं होतं, असाच एका कामावरचा. पण तिसरी खोटी टिक माझ्या हातून झाली नाही. मी म्हणालो, "दवाखान्याची. तिसऱ्या मजल्याची. शेवटच्या खोलीची."

वर काहीतरी खरडल्याचा आवाज झाला. ब्लेडचा. त्यांनी तार खरडून बघितली असणार.

"पांढरी हाय," त्या म्हणाल्या. आणि बऱ्याच वेळानं, अगदी बारीक आवाजात, "मनजे त्यायनी दाबलती."

"दाबली होती, वहिनी. नऊ वेळा."

रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याचा आवाज मला एकदा बाहेरून आणि एकदा फोनमधून ऐकू आला. त्या रडत असतील असं वाटलं, पण रडण्याचा आवाज नव्हता. माझ्या हातातल्या यंत्रावर एक ते आठ दिवे लागत होते, विझत होते, पुन्हा एकपासून.

"त्यायनी तुमाला फोनवर काय सांगितलतं?"

"आलता."

"आन तुमी आयकलतं?"

"ऐकलं होतं."

"मंग टिक कावून मारली?"

मांडव, जनरेटर, पाहुणे, यांतलं काहीच त्या प्रश्नापुढं तोंडातून निघेना. फोन चालूच होता. थोड्या वेळानं जिन्यावर चपलांचा आवाज आला. वहिनी चार मजले उतरून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. माझ्या गुडघ्यावरचा कागद उचलला, बोटांतलं पेन काढून घेतलं, आणि आल्या तशा वर गेल्या.

फोनवर म्हणाल्या, "नऊ नंबर परत लावा."

मी लावली.

"आला," त्या म्हणाल्या.

त्या आजही माझ्याबरोबर काम करतात. का करतात ते मी विचारलेलं नाही. तो तुकडा त्यांनी परत दिला नाही. मी खाली बसून वायरी लावतो, त्या वरून सांगतात. कागद मात्र त्यांच्याकडं असतो, आणि टिक त्याच मारतात.